मागीलदारचं खाणं-पाणी

कोंबड्यांचं खाणं आणि पाणी नेमकं कुठे ठेवायचं, यावरून गेल्या मे महिन्यात आईशी माझं चांगलं तीन दिवस वाजलं. विषय क्षुल्लक वाटेल. ज्यांच्या मागीलदारी कोंबड्या आहेत त्यांना नाही वाटणार!

आमच्या कोकणातल्या घरी आईच्या सहा-सात गावठी कोंबड्या आहेत. तिची पद्धत वर्षानुवर्षं एकच. खुराड्यातच कोपऱ्यात पाण्याची तवली आणि तिला खेटून कणी-कोंड्याचं जर्मनचं ताट. "रात्री भूक लागली तर?" हा तिचा सवाल.

माझं म्हणणं साफ उलटं. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. तिन्हीसांजेला दांडीवर चढली की उजाडेपर्यंत ती खाली उतरत नाही. मग रात्रीचं ते खाणं खातं कोण? उंदीर. आणि उंदरामागून कोण येतं ते रात्रीचं लिहीत नाही, आमच्याकडे नाव घेत नाहीत. शिवाय आत पाणी सांडलं की खालचा भुसा भिजतो, शीट कुजते, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. रक्ती हगवण पसरते ती अशाच ओलीत.

तेव्हा दोन्ही बाहेर हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाणी सावलीत, कारण कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडी टाकून धापा टाकते. एरवीही वजनाने खाण्याच्या साधारण दुप्पट पाणी लागतं तिला, आणि उन्हात तापलेल्या पाण्याला ती तोंड लावायला नाखूश असते. खाणं चार पावलं लांब आणि छपराखाली, नाहीतर भिजलेल्या कोंड्याला बुरशी धरते. भांडी चिऱ्यावर, काठ कोंबडीच्या पाठीइतका उंच. खाली ठेवलंत तर उकरून उकरून अर्धं परडं त्यात येतं. (पिल्लं असतील तर मात्र उथळ थाळा आणि त्यात खडे, नाहीतर बुडतात.)

आणि खाणं दोन ठिकाणी! आईच्या कळपात एक पिसं झडलेली काळी आहे. एकुलत्या ताटापाशी ती गेली की बाकीच्या टोचून हाकलायच्या. कोंबड्यांची ही टोचण्याची उतरंड नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवली आहे. दुसरं ताट ठेवलं आणि पंधरा दिवसांत काळी सावरली. आईनेही हे फोनवर कबूल केलं, म्हणजे बघा.

तर मी ही सगळी मांडामांड केली कुठे, तर फणसाखाली. गर्द सावली, घरापासून तीस पावलं, उंदीर घरात यायला नकोत म्हणून. फोटो काढले आणि खुशाल पुण्याला आलो.

जुलैत शेजारच्या काकूंचा फोन. पहाटे पाणी भरायला जाताना आई शेवाळावर घसरली होती. कोपर सुजलेलं. तिने मला सांगितलंच नव्हतं, कारण "तू एवढं हौसेनं केलंस". मी कोंबडीच्या पाठीची उंची मोजली होती, आणि बहात्तर वर्षांच्या बाईला पावसात तीस पावलं चालायची आहेत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गणपतीला गेलो तेव्हा सगळं उचलून मागच्या पडवीच्या वळचणीखाली आणलं. दारापासून आठ पावलं, खाली खडबडीत चिरे, धरायला एक बांबू. उंदरांचं काय? ताटं संध्याकाळी उचलून डब्यात टाकायची, बस्. ते तिला जमतं. जागा थोडी कमी चांगली आहे, पण भांडी रोज घासली जातात.

मामी, तू हे वाचून तिला सांगशीलच म्हणून लिहितो: खुराडं बंद करताना ती अजूनही मूठभर कणी आत टाकते. मी दोनदा पाहिलंय.