रिमांड : ना हार, ना जीत

१/ ‘रिमांड’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस कोठडी उभी राहते. अमेरिकेतील जायबंदी माजी सैनिकासाठी या शब्दाचा अर्थ निराळा आहे: अपील मंडळाने अंतिम निकाल न देता, अधिक पुराव्यासाठी प्रकरण खालच्या कार्यालयाकडे परत पाठवणे. या अधांतरी अवस्थेमागे मोठा इतिहास आहे.

२/ २६ ऑगस्ट १७७६. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच काँग्रेसने जायबंदी सैनिकांना निवृत्तिवेतनाचे वचन दिले. ते पाळायचे कोणी, हा वाद मात्र पुढे चालूच राहिला.

३/ १७९२च्या कायद्याने दाव्यांची तपासणी न्यायालयांकडे सोपवली. पण त्यांचा निर्णय युद्धमंत्री आणि काँग्रेस फिरवू शकत. हे न्यायदान नव्हे, असे म्हणत पेनसिल्व्हेनियातील न्यायाधीशांनी विल्यम हेबर्न यांचा अर्ज ऐकण्यासच नकार दिला. तत्त्व उदात्त होते. अर्जदार रिकाम्या हातांनी परतला.

४/ १८६४मध्ये वकिलाच्या शुल्कावर १० डॉलरची मर्यादा आली. हेतू सैनिकाची लूट थांबवण्याचा. पण पुढे याच रकमेमुळे वकील मिळेनासा झाला. १९३३मध्ये अपील मंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी न्यायालयाचे दारही बंद झाले. ते उघडायला १९८८ साल उजाडले.

५/ मंडळाने दावा फेटाळला, तर १२० दिवसांत न्यायालयात जाता येते. रिमांड हा अंतिम निर्णयच नसल्याने त्याविरुद्ध तशी दाद मागता येत नाही. सैनिकाच्या हाती उरते ती केवळ प्रतीक्षा.

६/ १९९८च्या ‘स्टेगॉल विरुद्ध वेस्ट’ खटल्यात न्यायालयाने बजावले की, रिमांडच्या आदेशाचे पालन होणे हा दावेदाराचा हक्क आहे. म्हणून आदेशातील प्रत्येक सूचना वाचावी: कोणती वैद्यकीय तपासणी, कोणत्या नोंदी, डॉक्टरांनी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. त्यातले काही राहिले, तर तेच पुढच्या अपिलाचे शस्त्र ठरते.

७/ माझे मत स्पष्ट आहे. रिमांड हा अन्याय नव्हे. अपुऱ्या पुराव्यावर दिलेला नकार त्याहून वाईट. परंतु एकच कागद राहिला म्हणून तीच फाईल पुन्हा पुन्हा परत जाते, तेव्हा ती सावधगिरी राहत नाही, वचनभंग होतो. फाईल खाली-वर फिरू शकते. सैनिकाचे वय एकाच दिशेने जाते.