दहा वाजता माइक बंद झाला, पण वेळ कुणी खाल्ला?

गेल्या शनिवारी कल्याण पूर्वेत एका मैदानावर लोकगीतांचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर वेळ संध्याकाळी ७ ची. पावणेसातलाच खुर्च्या भरायला लागल्या होत्या. आज्या नातवंडांना घेऊन आल्या होत्या, डोंबिवलीहून काही जण रिक्षा करून आले होते. म्हणजे लोककलेला प्रेक्षक नाही, हे रडगाणं आधी बाजूला ठेवू.

पाहुणे आले ८ वाजता. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मोमेंटो. पत्रकाराची खोड, मी वहीत मोजत बसलो. २३ सत्कार आणि ४ भाषणं. चारही भाषणांत 'लोककला जगली पाहिजे' हे वाक्य होतं. ती जगवणारी माणसं तेव्हा स्टेजच्या मागे, प्लास्टिकच्या स्टुलांवर, ढोलकी मांडीवर घेऊन बसली होती.

पहिलं गाणं सुरू झालं ९ वाजून १० मिनिटांनी. गण झाला, एक पोवाडा झाला, एक भीमगीत झालं. मग आगरी समाजातल्या एक वयस्क मावशी उभ्या राहिल्या. लग्नात धवले गाणाऱ्या. ज्यांनी आगरी लग्न पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, धवलारीण म्हणजे नुसती गायिका नाही. तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. हे धवले बहुतेक तोंडपाठच चालत आलेले. मावशींचा दुसरा धवला सुरू झाला आणि १० वाजले. माइक बंद. त्या थांबल्या नाहीत, तशाच गात राहिल्या. पुढच्या तीन-चार रांगांना ऐकू आलं. मागे खुर्च्या एकावर एक रचायचा आवाज सुरू झाला होता.

लगेच कुजबुज, 'पोलिसांनी कार्यक्रम मारला.' मला हे पटत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नको, हा नियम २००० सालापासून आहे, आणि तो योग्यच आहे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. नियम सगळ्यांना माहीत होता. हातात ३ तास होते, त्यातली गाण्याला मिळाली ५० मिनिटं. उरलेला वेळ सत्कारांनी आणि वाट बघण्यानं खाल्ला.

ज्या गावात हे घडतंय ते गाव कुठलं, तेही बघा. प्रल्हाद शिंदे याच कल्याणात राहिले, २००४ मध्ये इथेच गेले. भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली, सगळं त्यांनी त्याच मोकळ्या गळ्यानं गायलं. पुढे आनंद आणि मिलिंद, मग आदर्श, असं गाणं तिसऱ्या पिढीत गेलं. शेजारच्या डोंबिवलीनं २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. आपण सांस्कृतिक शहर म्हणून मिरवतो ते उगाच नाही.

मंडळाच्या पोरांशीही बोललो. त्यांचं म्हणणं सरळ होतं, 'दादा, मंडप, साउंड, लाइट यांचे पैसे जे देतात त्यांना स्टेजवर बोलवावंच लागतं.' खरंय. आणि इथे चूक आपल्यावर येते. नाटकाला आपण शे-पाचशेचं तिकीट काढतो, लोकगीताला मात्र पास मागतो. आपण पैसे देत नाही म्हणून दुसरा कुणीतरी देतो, आणि मग संध्याकाळ त्याची होते.

माझं मागणं फार मोठं नाही.

एक, गाणं आधी, सत्कार मध्यंतरात, तोही १० मिनिटांत. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी खाली बसून ऐकावं.

दोन, महापालिकेनं आपल्या नाट्यगृहात महिन्यातली एक आडवारची संध्याकाळ स्थानिक लोककलावंतांना नाममात्र भाड्यात द्यावी. ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, कल्याणात अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आहे. बंद सभागृहात शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

तीन, तिकीट लावा. १०० रुपये लावा, पण लावा. आणि कलावंताला पाकीट न देता मानधन पावतीसकट द्या. वृद्ध कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे, पण अर्जाला केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर गायलेल्या माणसाकडे पत्रिकासुद्धा नसते, आणि असली तरी तिच्यावर पाहुण्यांची नावं मोठी आणि त्याचं नाव 'व सहकारी' मध्ये.

कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाल्याला विचारलं, जेवून जाणार ना? म्हणाला, 'नको, आसनगाव गाठायचंय, गाडी चुकली की रात्र फलाटावर.' त्याच्या हातातही एक नारळ होता. सत्कार त्याचाही झाला होता. शेवटी, दिवे मालवताना.

पुढच्या वेळी असा कार्यक्रम तिकीट लावून कुणी करत असेल तर मला कळवा. बातमी मी करतो. पहिली दोन तिकिटंही माझीच.