सेल बसला म्हणून गाडी चालवू नका!

आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, पोरांच्या मामा-काकांनो, घरातली रिमोटची गाडी आत्ता हातात घ्या. उलटी करा. झाकण उघडा. आतल्या प्रत्येक सेलवर छापलेला आकडा वाचा. पोरगं खेळायला बसण्याआधी एवढं कराच.

नेहमीच्या पेन्सिल सेलवर 1.5 व्होल्ट लिहिलेलं असतं. चार्ज होणाऱ्या निकेल सेलवर 1.2. आता अगदी त्याच उंचीचा, त्याच जाडीचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो. त्याच्यावर 3.7 असतं आणि पूर्ण चार्ज झाला की तो 4.2 व्होल्ट देतो. झाकणाखाली निमूट बसतो. चार पेन्सिल सेलच्या गाडीला 6 व्होल्टची सवय. तिच्यात असे चार घातलेत तर जवळपास 17 व्होल्ट शिरतात. गाडी क्षणभर सुसाट सुटते, मग जळका वास येतो. मोटर चालवणारे बारीक ट्रान्झिस्टर, रिमोटचा इशारा पकडणारं सर्किट, चाकं वळवणारा सर्व्हो, सगळंच जाऊ शकतं. पोर रडवेलं होऊन विचारतं, ‘‘माझं काय चुकलं?’’ त्याचं काहीही चुकलेलं नसतं.

म्हणून सेल मोजत बसू नका, व्होल्ट मोजा. गाडीच्या माहितीपत्रकात किती चालतात ते बघा आणि पूर्ण चार्जचा आकडा धरून बेरीज करा. हौशी मंडळी कधी 3.2 व्होल्टचे दोन लिथियम-फॉस्फेट सेल घालतात आणि उरलेल्या दोन जागी नुसती वीज पुढे नेणारे डमी सेल. तेही चार्जरवरून काढल्या काढल्या 7 व्होल्टच्या वर असतात. गाडीला तेवढं झेपतं याची खात्री असेल तरच करा. वायरवाला पॅक असेल तर लाल-काळी वायर जुळवूनच जोडा. उलट जोडलीत तर एका झटक्यात सर्किट जळेल.

खरी भीती मात्र चार्जिंगची आहे. गाडी गेली तर दुसरी आणता येईल. निकेलच्या चार्जरला लिथियम सेलला कुठे थांबवायचं ते कळत नाही. तो भरतच राहतो. सेल तापतो, फुगतो, पेट घेतो, आणि बाजूला गादीवर लेकरू झोपलेलं असतं.

चार्जर लिथियमचाच घ्या. दोन-तीन सेलचा पॅक असेल तर प्रत्येक सेल समान भरणारा बॅलन्स चार्जर घ्या. चार्जिंग फरशीवर करा, पलंगावर कधीच नको. रात्री लावून झोपू नका, लावून घराबाहेरही पडू नका.

आणि सेल पार रिकामा होऊ देऊ नका. फार खाली उतरलेला लिथियम सेल आतून बिघडतो, पुढच्या चार्जिंगला दगा देऊ शकतो. साध्या खेळण्याला वेळेत बंद होणं माहीत नसतं. गाडी मंदावली की तुम्हीच पोराला हाक मारा, सेल काढा.

टम्म फुगलेला सेल दाबू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. पेटलाच, तर आधी माणसं बाहेर काढा आणि 101 फिरवा.

शेजारच्या पोराला परवाच्या वाढदिवसाला अशी गाडी मिळाली असेल, तर संध्याकाळी त्यांचंही दार वाजवा. झाकण त्यांच्यासमोर उघडा.