तुळस अंगणात लावू, पण दवाखान्याच्या बदल्यात नाही



हल्ली सरकारी कार्यक्रमाला साहेब आले की हारतुरे नसतात, कुंडीतले तुळशीचे रोप देतात. साहेब ते हातात धरून फोटो काढतात आणि मग भाषणात सांगतात, बायांनो, घरोघरी औषधी बाग करा, निसर्ग हाच खरा डॉक्टर आहे, ऊठसूट गोळ्या-इंजेक्शनांच्या मागे लागू नका. टाळ्या पडतात. भाषण संपले की गाडी जिल्ह्याच्या गावाकडे वळते. साहेबांची स्वतःची रक्तदाबाची गोळी कोणत्या कुंडीत उगवते, ते मात्र कोणी विचारत नाही.

राजस्थान सरकारने तर २०२१ मध्ये याची योजनाच केली. 'घर घर औषधि' असे तिचे नाव. तुळस, गुळवेल, अश्वगंधा आणि कालमेघ, अशी चार जातींची आठ रोपे दर कुटुंबाला. रोपे वाटायला आमची हरकत नाही. फुकटचे रोप कोण नाकारतो? हरकत आहे ती रोपाच्या पाठोपाठ येणाऱ्या उपदेशाला, आणि त्या उपदेशाच्या पाठीमागे जे लपवले जाते त्याला.

मुळात ही विद्या आम्हाला शिकवायची कोणी? कोरडवाहू मुलखात अशी बाई दाखवा, जिला अडुळसा माहीत नाही. कुंपणाला अडुळसा लावतात, कारण त्याला शेळी तोंड लावत नाही. आणि खोकला आला की त्याचीच पाने काढ्याला घेतात. एका झाडात दोन कामे. शेतात विळा लागला तर कंबरमोडीचा पाला चोळून जखमेवर पिळतात. मराठवाड्यात त्यालाच दगडी पाला म्हणतात. (गंमत म्हणजे हे तण मूळचे अमेरिकेकडचे. आमच्या बायांनी त्याला कधी परके मानले नाही, पाला कामाचा निघाला म्हणून ठेवून घेतला.) लहान पोराचे पोट दुखले तर ओवा, भाजले-पोळले तर कोरफडीचा गर, पहिल्या पावसानंतर तरोट्याची आणि घोळीची भाजी. धुऱ्यावर माका, आघाडा, सराटा, भुईआवळा. यातले एकही रोप कोणत्या योजनेतून आलेले नाही.

आणि यात तथ्य नाही असेही कोणी म्हणू नये. अडुळशात व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, जे आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असते. म्हणजे कुंपणावरचा पाला फुकट आणि बाटली पैसे मोजून, अशी गत आहे. हळदीचे तर त्याहून वरताण. जखमेवर हळद दाबायची, हा जणू शोध लागला म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट देण्यात आले. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्या संस्थेने जुने लिखाण पुढे ठेवून भांडण केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलावर युरोपात १९९४ साली दिलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले, पण अपिलासकट निकाल लागायला २००५ उजाडले. हे सांगायचे कारण एवढेच, की या पाल्याची किंमत साहेबांना नसेल, कंपन्यांना चांगली कळते.

तेव्हा परसात अडुळसा, तुळस, कोरफड, ओवा, गवती चहा जरूर लावा. न्हाणीच्या सांडपाण्यावर ते जगतात, कपाशीचे पाणी तोडावे लागत नाही. साधा खोकला, सर्दी, पोटातला गुबारा, एवढ्यासाठी तालुक्याला जायचे भाडे आणि बुडालेली मजुरी वाचली तर ती खरी कमाई आहे.

पण झाडाचा पाला आहे म्हणून तो निरुपद्रवी, हा समज काढून टाका. ज्याच्यात गुण आहे त्याच्यात अवगुणही असतो. अडुळसा गरोदर बाईला देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावते. करोनाच्या काळात गुळवेलीचा केवढा बोलबाला झाला! सरकारच तिची जाहिरात करत होते. लोक महिनेमहिने काढा पीत होते. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे, आणि २०२१ मध्ये त्यांनी ते छापून जाहीर केले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असेल, असे म्हटले. बरे, तसे असेल तर तसे. मग घरोघरी वेल लावायला सांगताना खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायला गावात कोणाला पाठवले होते? कावीळ झालेल्या माणसाने आणि दारूने यकृत आधीच खराब झालेल्याने या काढ्याच्या वाटेला न जाणेच बरे.

कंबरमोडीचेही तेच. रक्त थांबेल. धनुर्वात थांबणार नाही. त्याला इंजेक्शनच लागते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमचा माणूस मरतो तो खोकल्याने नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांच्या घरी तुळस नव्हती काय? ऑरगॅनोफॉस्फेट जातीचे विष अंगात गेले की बाहुली बारीक होते, घाम आणि लाळ सुटते, फुप्फुसात पाणी साचते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरावा तसा मरतो. त्यावर उतारा आहे अॅट्रोपिनचा. तो शिरेतून, पुन्हा पुन्हा, छाती मोकळी होईपर्यंत द्यावा लागतो. गावाच्या हातात एवढेच, की अंगावरचे कपडे काढावेत, साबणपाण्याने अंग धुवावे आणि गाडी काढावी. दूध-तूप पाजत बसले तर तेवढा वेळ गेला.

सापाचे पाहा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चार विषांवर चालणारी लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. दुसरा उतारा नाही. मग पाला देणाऱ्या बुवाची कीर्ती कशी होते? सोपे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस कोणत्याही पाल्याने बरा होतो, आणि पाला न देताही बरा झाला असता. खरी परीक्षा मण्यारीची. रात्री जमिनीवर झोपलेल्या राखणदाराला ती चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही, पहाटे पापण्या जड होतात आणि मग श्वास बंद पडतो. तिथे बुवाचा पाला काय करणार?

आणि हे ज्ञान शहरातूनच आले पाहिजे असेही नाही. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शेतकऱ्याचे पोर. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचवाने माणसे पटापट मरत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते, हे दाखवले. गंभीर रुग्णांपैकी शेकडा चाळीसच्या घरात मरत, ते प्रमाण शेकडा एकावर आले. जगभर त्या कामाचे नाव झाले. हे कशामुळे घडले? आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर होता म्हणून. कुलूप असते तर विंचवावर अजून कांदाच घासत बसलो असतो.

सपाट मुलखात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच नियम आहे. तिथे सर्पदंशाची लस आणि अॅट्रोपिन असलेच पाहिजे, हेही सरकारच्याच मानकांत लिहिलेले आहे. आम्ही नवीन काही मागत नाही. पण ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या दिवसांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावल्याची बातमी आली, त्यात १२ नवजात बालके. नातेवाईक म्हणाले औषधे बाहेरून आणायला लावली. सरकार म्हणाले औषधांचा तुटवडा नव्हता. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्याची ही कथा, तर आडगावच्या केंद्राची काय सांगावी! आणि अशा वेळी आम्हाला सांगायचे काय, तर निसर्ग हाच डॉक्टर. इंडियासाठी अतिदक्षता विभाग आणि भारतासाठी तुळशीची कुंडी!

दुसरी फसवणूक सरकारी नाही, खाजगी आहे. ती उपदेश करत नाही, लखपती करते. पंचवीसएक वर्षांपूर्वी सफेद मुसळीचे वारे आले होते ते आठवते? मोटारसायकलवर एजंट यायचा, बेणे महाग द्यायचा आणि माल आम्हीच परत घेऊ म्हणायचा. ज्याने पहिल्या वर्षी लावली त्याला खरेच पैसे मिळाले, कारण त्याचा माल दुसऱ्या वर्षीच्या शेतकऱ्याला बेणे म्हणून विकला गेला. भाव मुसळीला नव्हताच, बेण्याला होता. नवीन गिऱ्हाईक संपले त्या दिवशी भाव संपला. मग लोकांच्या हातात उरल्या सोलायच्या मुळ्या. चार-पाच किलो ओल्या मुळीची एक किलो कोरडी होते, आणि सोलायची मजुरी वेगळी. कोरफडीचे तेच झाले, इमूचे तेच झाले, २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबडीचे तेच झाले. प्राणी बदलतो, झाड बदलते, हिशोब तोच. ज्या धंद्यात विकणाऱ्याची कमाई बेण्यावर आहे, त्यात आपण शेतकरी नसतो, गिऱ्हाईक असतो.

औषधी पीक घेऊच नये असे नाही. अश्वगंधा कोरडवाहूत येते, हलक्या निचऱ्याच्या जमिनीत. आमच्या भारी काळ्या कसदार रानात पाणी तुंबते आणि मुळी खणताना जीव जातो, तिथे नको. तिला मध्य प्रदेशात नीमचची मंडी आहे, तिथे मुळीची जाडी-लांबी पाहून उघड बोली लागते. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची नागार्जुन औषधी वनस्पती बाग आहे, तिथे जाऊन झाड डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. कापसाला २०२५-२६ साठी ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, मालदांडी ज्वारीला ३,७४९. तो हातात किती पडतो ते आपण जाणतो. पण भांडायला निदान आकडा तरी आहे. मुसळीला आणि अश्वगंधेला तोही नाही. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा, की तू आणि तुझी कंपनी सोडून हा माल उघड्या बाजारात कोण घेतो, कुठे घेतो, गेल्या महिन्यात काय भावाने घेतला? उत्तर नाही आले तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

जंगल आणि पडीत रानातून मुळ्या-साली गोळा करणाऱ्यांचा हक्क हा वेगळा विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने कंपन्यांनी नफ्यातला न्याय्य वाटा स्थानिक लोकांना द्यायचा होता. आम्ही भारतीय कंपनी, आम्हाला हे लागू नाही, हा दिव्य फार्मसीचा दावा उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळला. मग २०२३ मध्ये कायदाच दुरुस्त झाला आणि ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला व लागवडीच्या औषधी वनस्पतींना त्या वाटपातून सूट मिळाली. आजीचे ज्ञान थोर, असे भाषणात म्हणायचे आणि आजीचा वाटा कायद्यातून काढायचा!

एक गोष्ट आपल्या घरातली. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक आले, त्यात पाप नाही. तंत्रज्ञान वापरायचे स्वातंत्र्य आपण मागत आलो आहोत. पण पंपात उरलेले औषध धुऱ्यावर मारायची जी सवय लागली आहे, ती सोडा. कपाशीच्या ओळीतले तण पीक खाते. धुऱ्यावरचा माका आणि तरोटा कोणाचे काय खातो? आणि जिथे तणनाशक मारले, त्या जागेची भाजी किंवा पाला घरात आणू नका. घरातल्या बायांना विचारा, दहा वर्षांपूर्वी धुऱ्यावर काय काय मिळत होते आणि आज काय मिळते. त्यांची यादी तुमच्यापेक्षा लांब निघेल.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी लिहून आणाव्यात: सर्पदंशाच्या लशीच्या कुप्या किती, अॅट्रोपिन किती, आणि रात्री डॉक्टर मुक्कामाला असतो की नाही. केंद्राला कुलूप असेल तर कुलपाचा फोटो आणि तारीख. फवारणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत ही यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायची आहे. त्यांना सत्काराला तुळशीचे रोप आपणच नेऊ.