घराजवळची कामाची खोली



२०२०च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची मुले लॅपटॉप घेऊन सेलू, जिंतूर, गंगाखेडला परतली, तेव्हा घरोघरी आधी आनंद झाला आणि महिन्याभरात कुरबुर सुरू झाली. मुलाची मीटिंग चालू म्हणून वडिलांनी टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, आईने हाक मारायची नाही. आणि मुलाने मात्र कामाच्या मधोमध रक्तदाबाची गोळी दिली की नाही हे आठवत राहायचे. पुढे कार्यालये उघडली, मुले निघून गेली. परभणीहून पुणे म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. अपरात्री आईचा पाय घसरला तर धावून येतो तो शेजारीच.

या दोन्ही अडचणींवर एक साधा उतारा आहे: घरापासून दहा मिनिटांवर, चार-पाच जणांनी मिळून वापरायची कामाची खोली. मोठ्या शहरात तिला को-वर्किंग म्हणतात. परभणीकरांना ती मुळीच अपरिचित नाही. स्पर्धा परीक्षांची मुले मासिक शुल्क भरून ज्या अभ्यासिकेत बसतात, तिचेच हे भावंड. शिवाय १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये आपल्या तालुक्यांत आहेतच. त्यांतील एखादे दालन दुपारी मोकळे असेल, तर नवी इमारत कशाला हवी? वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर आणि भरवशाचे इंटरनेट मात्र हवे.

शुश्रूषा करणाऱ्याला तर दार ओढून घेता येईल अशी जागा औषधाइतकीच आवश्यक असते. सकाळी आईला न्याहारी देऊन निघावे, दुपारी जेवायला घरी यावे. मधले चार तास तो केवळ स्वतःच्या कामाचा असावा. अशी माणसे संध्याकाळी कमी चिडतात, हे आपणही पाहिले असेल.

आणि ज्येष्ठांनो, ही खोली केवळ तरुणांची समजू नका. जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५च्या अहवालात नोंदवले. ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या अखेरीस निवृत्त पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा निघाल्या. समोरासमोर बसवून मन मोकळे न करणारे हे गृहस्थ रंधा मारता मारता बोलू लागले. आपल्याकडे रंधा नसेल. निवृत्त शिक्षकाने मुलांचे अर्ज तपासावेत, बँकेतून निवृत्त झालेल्याने बचतगटाची वही पाहावी. कुणीतरी आपली वाट पाहते, एवढ्यानेही माणूस सकाळी दाढी करतो!

जागा ठरवताना मात्र अडून बसा: खोली तळमजल्यावर हवी, खुर्चीला हात हवेत आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवे. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ज्येष्ठांनी सकाळीच जाऊन अकराच्या आत घरी परतावे. पाण्याची बाटली सोबत असावीच.