न तपासता लिहिलेली चिठ्ठी

पाळी गेल्यावर योनिमार्गात आग, खाज, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे किंवा लघवीची जळजळ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बाईला आपण बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलची गोळी देतो. त्या गोळीने बरे वाटले नाही, तर कल्चर न करताच लघवीच्या जंतुसंसर्गाची औषधे देतो. तरीही ती परत आली, तर स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब लिहून देतो, आणि पुढे वर्षानुवर्षे ती बाई तीच ट्यूब दुकानातून आणत राहते. या सगळ्यात इस्ट्रोजेनचे क्रीम कुठेच नसते, कारण ते लिहायला आपण घाबरतो. जे घाबरत नाहीत, त्यांच्या चिठ्ठीवर क्रीमचे नाव असते. पण किती लावायचे, किती दिवस लावायचे आणि दाखवायला कधी यायचे, हे नसते. ही भीती आणि ही बेफिकिरी वरवर एकमेकींच्या उलट दिसतात, पण दोन्ही न तपासण्यातून येतात. जे डोळ्यांनी पाहिलेले नाही त्यावर औषध लिहायचे, तर एक तर अंदाजाने लिहावे लागते किंवा मुळीच न लिहिणे सोयीचे वाटते.

फ्लुकोनॅझोलपासूनच सुरुवात करू. इस्ट्रोजेन ओसरले की योनिमार्गाचे अस्तर पातळ होते, त्यातले ग्लायकोजेन कमी होते, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस घटतात आणि एरवी ४.५ च्या खाली असणारा सामू ५ च्या वर जातो. कॅन्डिडाला असे वातावरण मानवत नाही. त्यामुळे मधुमेह नसलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेणाऱ्या साठीच्या बाईची खाज बुरशीची असण्याची शक्यता मुळातच कमी असते. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि ही गोळी स्वस्त होऊन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्या भागातला बुरशीसंसर्ग हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. अशा बाईला महिन्याला एक फ्लुकोनॅझोल देत राहण्यापेक्षा तिच्या पिशवीतली मधुमेहाची पाकिटे एकदा काढून पाहणे अधिक उपयोगाचे. हृदयाची झडप बदललेली बाई वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमेरॉल घेत असेल, तर फ्लुकोनॅझोलने तिचे आयएनआर वाढते. योनिमार्गात ठेवायच्या मायकोनॅझोलनेही वॉरफरिनचा परिणाम वाढल्याचे नोंदलेले आहे. आपण ज्याला निरुपद्रवी समजतो ते औषध असे आहे.

सरकारी दवाखान्यातला हिरवा किट, म्हणजे सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, योनिमार्गाच्या संसर्गासाठी आहे आणि त्या कामाला तो योग्यच आहे. अंगावरून जाते म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला, वय न विचारता तो देणे मात्र त्या किटच्या रचनेत कधीच नव्हते. १९८९ मध्ये राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांचा जो अभ्यास छापला, त्यात तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. या अभ्यासातला ९२ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. आपल्या कामाचा आकडा आठ आहे.

आता भीतीकडे. तिचे मूळ जुलै २००२ मध्ये आहे. त्या महिन्यात अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गट मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यातल्या १६,६०८ बायकांपैकी औषध मिळालेल्यांना रोज तोंडाने ०.६२५ मिलिग्रॅम संयुक्त इस्ट्रोजेन आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन दिले जात होते. त्या निष्कर्षांवरून छापलेले इशारे पुढे इस्ट्रोजेनच्या प्रत्येक पाकिटावर आले, योनिमार्गात वापरायच्या सूक्ष्म मात्रेवरही. हिशेब करून पाहा. योनिमार्गात ठेवायची इस्ट्राडायॉलची गोळी १० मायक्रोग्रॅमची, सुरुवातीचे दोन आठवडे संपले की आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला २० मायक्रोग्रॅम. तोंडाने रोज १ मिलिग्रॅम घेतले तर आठवड्याला ७,००० होतात. याच उपक्रमाच्या निरीक्षण-अभ्यासात पंचेचाळीस हजारांवर बायकांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत गर्भाशय असलेल्या आणि योनिमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायकांत स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे ते ठळक इशारे काढण्याचे जाहीर केले. आपल्याकडचे माहितीपत्रक बदलेल तेव्हा बदलेल. बाईला समजावून सांगण्यासाठी त्याची वाट पाहायचे कारण नाही.

मात्र यातून ‘वरून लावायचे म्हणजे कितीही चालते’ असा अर्थ काढणे तितकेच चुकीचे. युरोपातल्या औषध नियामकांनी ग्रॅमला १०० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉल असलेल्या क्रीमचा वापर २०२० मध्ये चार आठवड्यांच्या एकाच उपचारापुरता मर्यादित केला, कारण त्या ताकदीचे क्रीम रक्तात उतरून पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर इस्ट्रोजेन नेत होते. मार्ग तोच होता, फरक मात्रेचा होता. संयुक्त इस्ट्रोजेनच्या क्रीममध्ये ग्रॅमला ०.६२५ मिलिग्रॅम औषध असते. अर्धा ग्रॅम घेतले तर साधारण ०.३ मिलिग्रॅम पडते. दोन ग्रॅमचा ॲप्लिकेटर गच्च भरला तर १.२५. ‘रात्री क्रीम लावणे’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर या दोन बायका सारख्याच दिसतात. इस्ट्रिऑलचे क्रीम ग्रॅमला १ मिलिग्रॅमचे असेल, तर ‘०.५ ग्रॅम, रात्री, योनिमार्गात, दोन ते तीन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा’ अशी पूर्ण ओळ लिहावी आणि ॲप्लिकेटरवरची खूण बाईला बोट ठेवून दाखवावी. दोन वार ठरवून द्यावेत. त्यांतला एक गावच्या आठवडे बाजाराचा असला की तो विसरला जात नाही. योनिमार्गातली गोळी तोंडाने घ्यायची नाही, आणि संबंधाच्या आधी तेलासारखे हे क्रीम लावायचे नाही, हेही सांगावे लागते. आपल्याला ते उघड वाटते म्हणून ते राहून जाते.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत ३०२ बायकांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत योनिमार्गातली इस्ट्राडायॉलची गोळी, ओलावा देणारे जेल आणि औषध नसलेले नमुने यांची तुलना झाली, आणि सर्वांत त्रासदायक लक्षणात तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. मग इस्ट्रोजेन हवेच कशाला? कोरडेपणा आणि संबंधाच्या वेळचे दुखणे एवढीच तक्रार असेल, तर या चाचणीचा सल्ला मानावा: आधी ओलावा देणारे जेल आणि वंगण द्यावे, आणि त्यावर भागले तर पुढे जाऊ नये. तिथले ‘औषध नसलेले’ जेलही ओलावा देणारेच होते, हे ध्यानात घेतले तरी सल्ला बदलत नाही. पण लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होणाऱ्या बाईचा प्रश्न ती चाचणी सोडवतच नाही. तो १९९३ मध्ये राझ आणि स्टॅम यांनी सोडवला. त्यांच्या ९३ बायकांत इस्ट्रिऑल क्रीम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांना ५.९ वेळा. वर्षातून पाच-सहा वेळा प्रतिजैविक लिहून जंतू निगरगट्ट करण्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री क्रीम देणे कोणत्याही हिशेबाने बरे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. जामखेड, पाथर्डी आणि शेवगाव हे तालुके बीडला लागून आहेत, आणि इथूनही ऊसतोडीला, म्हणजे कोयत्यावर, जाणारी कुटुंबे आहेत. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये चौकशी केली, तेव्हा बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. जिल्ह्याची हद्द ओलांडली की हे थांबते असे मानायला आधार नाही. अशा बाईची पाळी थांबते ती शस्त्रक्रियेच्या दिवशी. रजोनिवृत्ती केव्हा आली हे सांगणारी खूणच तिच्याजवळ उरत नाही. अंडाशयही काढले असतील, तर पस्तिशीतच सारे इस्ट्रोजेन एकदम जाते. ठेवले असतील तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. अडतीस वर्षांची बाई आग होते म्हणून आली की डॉक्टरच्या मनात वयामुळे संसर्ग येतो, रजोनिवृत्ती येत नाही, आणि फ्लुकोनॅझोलची फेरी सुरू होते. शिवाय फडात आडोसा नसतो, पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची सवय लागते, त्यामुळे जळजळीचे कारण त्यातच सापडल्यासारखे वाटते आणि आपण तिथेच थांबतो.

अशा बाईला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: पिशवी काढली आहे का, आणि ‘अंडी’ ठेवली की काढली. दुसऱ्याचे उत्तर तिला माहीत नसेल तर शस्त्रक्रियेचे कार्ड मागवावे. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेलेल्या बाईला नुसते योनिमार्गातले क्रीम देऊन सोडणे हा अर्धवट उपचार आहे. क्रीमने खालची आग थांबेल, हाडे आणि हृदय तसेच उघडे राहतील. काही मनाई नसेल तर तिला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तोंडाने किंवा त्वचेवाटे इस्ट्रोजेन द्यावे की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञाने ठरवायला हवे. गर्भाशय नसल्याने तिला प्रोजेस्टेरॉनची जोड सहसा लागत नाही. पिशवी काढली म्हणजे गर्भाशयमुखही गेले असे मात्र धरून चालू नये. काही शस्त्रक्रियांत ते मागे राहते, आणि त्याची तपासणी चालूच ठेवावी लागते.

‘शंभरांच्या ओपीडीत प्रत्येकीला टेबलवर घेणे जमणारे नाही, आणि बायका तयारही होत नाहीत,’ हे मी पुष्कळ सहकाऱ्यांकडून ऐकतो. जागेची आणि सोबतीला नर्स असण्याची अडचण खरी आहे. पण बाहेरून नुसते पाहायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात पांढरे, सुरकुतलेले चट्टे दिसू शकतात. ते लायकेन स्क्लेरोसस असेल तर त्याला इस्ट्रोजेन नव्हे, तर क्लोबेटासोलच लागते, ठरलेल्या मुदतीने आणि वर्षानुवर्षे देखरेखीखाली, कारण त्यावर कर्करोग उद्भवू शकतो. (मिश्र ट्यूबांवर आपण सरसकट संतापतो, तेव्हा स्टेरॉइडची ही रास्त जागा विसरू नये.) न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर बायोप्सी. सामू मोजायची कागदी पट्टी स्वस्त आहे. स्पेक्युलम लहान घ्यावे, आणि दुखत असेल तर त्या दिवशी सोडून द्यावे. जिथे हे काहीच शक्य नसेल, तिथे क्रीम लिहू नये. चिठ्ठीवर तपासणीसाठी कुठे जायचे ते लिहावे.

पाळी गेल्यावर एकदाही रक्त दिसले, तर इस्ट्रोजेनची ट्यूब बाजूला ठेवून आधी सोनोग्राफी. असा रक्तस्राव झालेल्या साधारण नऊ टक्के बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सापडतो, आणि तो कर्करोग असलेल्या सुमारे नव्वद टक्के बायकांत रक्तस्राव झालेला असतो. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर नमुना घ्यावा. पातळ असूनही रक्त पुन्हा दिसले तरी घ्यावा. ‘कोरडेपणामुळे ओरखडा आला असेल’ हे निदान त्यानंतरचे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला आधी हार्मोन नसलेली जेल. त्यांनी भागले नाही तर कर्करोगतज्ज्ञाशी बोलून मगच इस्ट्रोजेन, आणि ती ॲरोमाटेज इनहिबिटर घेत असेल तर विशेष सावधपणे: २०२२ च्या डॅनिश अभ्यासात एकूण बायकांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढले नव्हते, पण या गोळ्यांवर असलेल्यांत वाढलेले दिसले.

औषध दुकानदार मित्र विचारतात की ब्रिटनमध्ये १० मायक्रोग्रॅमची ही गोळी २०२२ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, मग इथे एवढा अट्टहास कशाला. तिथे ती फार्मासिस्टकडून, प्रश्न विचारून, पन्नाशी ओलांडलेल्या आणि वर्षभर पाळी न आलेल्या बाईलाच मिळते. आपल्याकडे काउंटरवर उभा असतो तो पुष्कळदा बाईचा नवरा किंवा मुलगा, हातात रिकामी ट्यूब घेऊन, आणि त्याला रक्तस्राव होतो का असे विचारणे कोणालाच जमत नाही. म्हणून आपल्याकडे ट्यूब चिठ्ठीवरच हवी, आणि चिठ्ठीवर ती किती वेळा द्यायची तेही हवे. हीच शिस्त मिश्र स्टेरॉइड ट्यूबांना लागू करायला मार्च २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये आलेली स्टेरॉइड मलमांची यादी पुरेशी आहे. ती पाळायची एवढेच.

फेरतपासणी बारा आठवड्यांनी असे आपण लिहितो, पण दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघालेली बाई बारा आठवड्यांनी सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात असेल. तिला सप्टेंबरात सुरुवात करून निघण्याआधी एकदा पाहावे, जास्तीची ट्यूब द्यावी, आणि हंगाम संपून, म्हणजे पट्टा पडून, ती गावी आली की मे महिन्यात पुन्हा बोलवावे. मधल्या काळात रक्त दिसले तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येईल असा कागद सोबत द्यावा. त्यावर औषधाचे नाव, मात्रा, पिशवी आहे की नाही आणि अंडाशय आहेत की नाहीत, या चार गोष्टी मराठीत असाव्यात. गावी असलेल्या बायकांची आठवण ठेवायला आशाताई आहेत. १९७० पासून आरोळे दांपत्याने जामखेडला गावातल्याच बायका निवडून, त्यांना शिकवून आरोग्याचे काम उभे केले, तेव्हा हा विषय आशाताईंच्या आवाक्याबाहेरचा आहे असे म्हणायला आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांना तरी जागा नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्यांकडून आम्हाला एक गोष्ट तातडीने हवी आहे: पिशवी काढल्यावर बाईच्या हाती जाणाऱ्या कार्डावर अंडाशय आणि गर्भाशयमुख काढले की ठेवले, हे शिक्क्याजवळ ठळक अक्षरांत लिहावे.