खोक्यावरचा अणू

परदेशी राहणारी आपली मुलं सुट्टीला येताना चॉकलेटांबरोबर 'अ‍ॅटॉमिक क्लॉक' आणतात. खोक्यावर अणूचं चित्र, शिवाय 'आपोआप लागतं' हे कौतुक. माझं मत विचाराल तर तिथे राहणाऱ्यानं हे घड्याळ जरूर घ्यावं, पण इथे आणू नये.

मंडळी, त्यात अणूबिणू काही नसतो. असतं साधं क्वार्ट्झ आणि एक चिमुकला रेडिओ. खरं सिझियमचं घड्याळ असतं प्रसारण केंद्रात. जर्मनीचं केंद्र फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेनला, ७७.५ किलोहर्ट्झवर, अमेरिकेचं कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला, ६० वर. तिथून दर सेकंदाला एक खूण येते, मिनिटभराच्या खुणा जुळल्या की वेळ आणि तारीख कळते. म्हणजे निवडायचा असतो तो रेडिओ, घड्याळ नव्हे!

६० किलोहर्ट्झवर अमेरिकेबरोबर इंग्लंड आणि जपानही बोलतात, पण प्रत्येकाची सांकेतिक लिपी निराळी. न्यू जर्सीत घेतलेलं घड्याळ लंडनला नेलं तर ते बहुधा मुकंच राहणार. म्हणून खोक्यावर केंद्राचं नाव पाहावं. संदेश मिळाला की नाही हे दाखवणारी खूण असलेलंच घ्यावं. ते खिडकीशी, टीव्हीपासून लांब ठेवावं आणि एक रात्र धीर धरावा. या लहरी रात्री चांगल्या पोचतात.

माइनफ्लिंगेनचा पल्ला साधारण २००० किलोमीटर. मुंबई तिथून ६००० हून लांब, आणि आपल्याकडे असं दीर्घलहरींचं केंद्रच नाही. त्यातून आपली वेळ साडेपाच तासांची, तर बऱ्याच घड्याळांत फरक पूर्ण तासांचाच लावता येतो.

मला खटकतं ते पुढचंच. घड्याळ लागत नाही म्हटल्यावर म्हातारी माणसं समजतात, आपल्यालाच जमत नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणून फोनवर 'छान चाललंय' सांगतात. अहो, तुमचं काही चुकलेलं नाही! इथे अचूक वेळ हवीच असेल तर जीपीएसवर चालणारं घड्याळ घ्यावं, नाहीतर मोबाइल आहेच.

घरात आलेलंच असेल, तर सोय असल्यास त्याचं रेडिओ ऐकणं बंद करून हातानं वेळ लावावी. नाहीतर ते रोज रात्री माइनफ्लिंगेनला हाका मारत बसतं आणि सेल खातं.